विदूषकाचे प्रश्न : महात्मा जोतीराव फुले आणि ‘तृतीय रत्न’

मुलींच्या शाळेचे संस्थापक, सत्यशोधक समाजाचे प्रणेते आणि बाबासाहेबांच्या तीन गुरूंपैकी एक, अशी महात्मा जोतीराव फुले यांची ओळख आपल्या घराघरांत आहे. ते नाटककारही होते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या जीवनाचा हा पैलू आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. त्यांच्या सहधर्मचारिणी सावित्रीबाई शिरवळजवळच्या नायगावच्या. उत्रोलीच्या मुलांना हे माहेर परके वाटू नये, इतके ते जवळ आहे. १८४८ मध्ये या दांपत्याने पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी त्यापायी त्यांना घर सोडावे लागले.

१८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. एक जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहपीडेची भीती घालतो आणि त्या जोडप्याला ऐपतीबाहेरचा खर्च करायला लावतो. मधूनमधून विदूषक येतो आणि या फसवणुकीचे बिंग फोडतो. अखेरीस ते जोडपे शिकायचे ठरवते. जोतीरावांनी त्याच वर्षी श्रमिकांसाठी रात्रशाळाही काढली, हे ध्यानात घेतले म्हणजे नाटकाचा शेवट कोठून आला ते उमगते. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले. ते छापले गेले १९७९ मध्ये, म्हणजे लिहिल्यानंतर तब्बल १२४ वर्षांनी.

नववीच्या वर्गात हे नाटक घेताना आम्ही भूमिका वाटून देतो. जोशीबुवांचे सोंग सुरू झाले की वर्ग खळखळून हसतो. हसू ओसरले की आम्ही विचारतो : या दोघांना कोणी फसवले? पहिले उत्तर जोशाचे नाव घेते. दुसरे अज्ञानाचे. मग कोणी पोटातल्या बाळाच्या काळजीकडे बोट दाखवते. एकदा एका मुलीने सांगितले की, धाकट्या भावाच्या आजारपणात तिच्या शिकलेल्या घरातही गंडा बांधला गेला आणि तिने काहीच विचारले नाही. त्यानंतर वर्ग हसला नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही भीती मागल्या दाराने येते, हे आम्हां शिक्षकांनाही त्या दिवशी कबूल करावे लागले.

जोतीरावांनी प्रश्नोत्तरांची ही वाट पुढेही सोडली नाही. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद आहे. १८८८ मध्ये जनतेने त्यांना महात्मा म्हणून गौरविले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला. तेव्हा डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पूर्ण केला. तोही प्रश्नोत्तररूपच. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

तथागतांनीही पारखल्यावाचून काही स्वीकारू नये, असेच शिकवले. म्हणून पालकांना आमची नम्र विनंती आहे : सुट्टीत घरी आलेले मूल एखाद्या विधीविषयी प्रश्न विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. त्या नाटकातल्या विदूषकाचे काम आता ते करीत असेल.