भाऊसाहेब आणि दोन कौल

बाजारातील मालापासून सरकारच्या कारभारापर्यंत लोकमत अजमावण्याचा उद्योग आज जोरात चालतो. चार आकड्यांवरून समाजाचे मन ओळखल्याचा दावा करणाऱ्यांनी कै. दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे, असे आम्हांस वाटते.

१९११ साली जन्मलेले भाऊसाहेब खाण व्यवसायातून राजकारणात आले. डिसेंबर १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विजयी होऊन ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. पक्षाचे ध्येय विलीनीकरण; तेव्हा पक्षाचा विजय ही विलीनीकरणास संमतीच, असा अर्थ काढणे सोपे होते. तरी प्रत्यक्ष जनमत कौल ठरला. तो निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब सत्तेवरून दूर झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७० मते पडली, तर संघप्रदेशाच्या 'दोन पानां'ना १,७२,१९१. पण मार्चमधील निवडणुकीत त्याच गोमंतकाने राज्यकारभार पुन्हा भाऊसाहेबांच्याच स्वाधीन केला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत ते मुख्यमंत्रिपदी होते.

लोक चंचल नव्हते. प्रश्न दोन होते. कूळकायदा करणारा, बहुजनांना आपला वाटणारा नेता त्यांना हवा होता. विलीनीकरण बहुसंख्यांना नको होते. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या माथी मारले असते, तर गोव्यावर अन्याय झाला असता. भाऊसाहेबांनी पराभवाचा कौल शिरोधार्य मानला, यातच त्यांचे मोठेपण आहे. लोकमत मोजणाऱ्यांनी आधी आपला प्रश्न तपासावा, मग उत्तराचा डंका पिटावा.