दिजाँचे पाणी आणि दार्सींचा कालवा

१८५५ चा हिवाळा तोंडावर आला होता. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या रुग्णालयात वाळू भरलेले एक उभे लोखंडी नळकांडे बसवले होते. वरून पाणी सोडायचे, खाली झिरपून किती येते ते मोजायचे, असा प्रयोग चालला होता. तो करणारे आंरी दार्सी डॉक्टर नव्हते, अभियंता होते. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी पॅरिसमधील मोठ्या पदाची जबाबदारी सोडली होती. प्रयोगासाठी रुग्णालयाच्या नळाला येणारे पाणीही शहरात त्यांनीच आणलेले होते.

दार्सी यांचा जन्म १८०३ मध्ये दिजाँमध्येच झाला. चौदाव्या वर्षी वडील गेले, पण आईने मुलांचे शिक्षण थांबू दिले नाही. पॅरिसमध्ये अभियांत्रिकी शिकून ते सरकारी नोकरीत लागले आणि आपल्याच गावी परतले. तेव्हा दिजाँचे लोक उथळ विहिरींचे दूषित पाणी पीत होते. शहरातून वाहणारा सुझों ओढा म्हणजे उघडे गटारच होते. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याने हजारो बळी घेतले होते. तो पाण्यातून पसरतो, हे तोवर कोणी दाखवून दिलेले नव्हते.

शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवर रोझ्वार नावाचा झरा होता. त्याचे पाणी दगडी बांधकामाच्या, वरून झाकलेल्या पाटाने आणायची योजना दार्सी यांनी मांडली. पंप नाही, गाळणी नाही. केवळ उतारावर पाणी चालत येणार आणि वाटेत त्यात घाण शिरणार नाही. सप्टेंबर १८४० मध्ये ते दिजाँला पोहोचले. पुढे रस्तोरस्ती सार्वजनिक नळ आले. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचा संबंध एका हातपंपाच्या पाण्याशी जोडला, तो याच्या १४ वर्षांनंतर. या कामाचे मानधन दार्सी यांनी घेतले नाही.

मात्र एक प्रश्न त्यांचा पिच्छा सोडत नव्हता. झाकलेल्या पाटातही पाणी ओढ्यासारखेच वाहते. त्याचा वरचा पृष्ठभाग मोकळा असतो. तो किती उंचीवर राहील? उतार, रुंदी आणि भिंती सर्वत्र सारख्या असतील, तर पाण्याची खोली सारखी राहते आणि पृष्ठभाग तळाला समांतर जातो. पण पुढे बंधारा आला, उतार बदलला किंवा भिंत खडबडीत झाली, की खोली हळूहळू बदलू लागते. तळाचा उतार किलोमीटरला एक मीटर असेल आणि बंधाऱ्याने पातळी मीटरभर चढवली, तर पाण्याचा फुगवटा सहज किलोमीटरभर मागे जातो. फुगवटा कुठवर जाईल हे कळल्याशिवाय काठ किती उंच बांधायचा, ते ठरत नाही. त्याचे गणित मांडायची रीत तेव्हा होती; परंतु त्यात वापरली जाणारी सूत्रे भिंत कशाची आहे, हे विचारातच घेत नसत.

पॅरिसमध्ये असताना दार्सी यांनी नव्या-जुन्या नळांवर प्रयोग केले होते. आतून गंज आणि थर चढलेल्या नळातून पाणी ढकलायला जास्त जोर लागतो, हे त्यांनी मोजून दाखवले. उघड्या प्रवाहातही तसेच होत असणार, याची त्यांना खात्री वाटत होती. ती तपासण्यासाठी बर्गंडी कालव्याच्या काठी सुमारे ६०० मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असा प्रयोगाचा पाट बांधला गेला. त्याला कधी सिमेंटचे अस्तर, कधी विटांचे, कधी फळ्यांचे. कधी त्यावर खडी चिकटवायची, तर कधी पट्ट्या ठोकायच्या. दरवेळी पाणी सोडून खोली आणि वेग मोजायचा. वेग मोजण्याची नळीही दार्सी यांनीच सुधारली होती.

हाताशी वेळ थोडा होता. १८५७ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. ३ जानेवारी १८५८ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, पॅरिसमध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. प्रतिजैविके यायला तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षे बाकी होती. पाटावरचे प्रयोग अर्धवट राहिले. त्यांचे तरुण सहकारी आंरी बाझें यांनी ते पुरे केले आणि १८६५ मध्ये दोघांच्या नावाने ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा पहिला भाग उघड्या पाटांतील प्रवाहाचा आणि दुसरा फुगवट्याचा व लाटांचा. भिंत जितकी खडबडीत, तितके तेच पाणी सावकाश आणि जास्त खोलीने वाहते, हे त्यातून सिद्ध झाले. आज नदीच्या पुराची पातळी संगणकावर काढतानाही पात्राचा खडबडीतपणा किती, हा आकडा आधी भरावा लागतो.

आपल्या गावातल्या नाल्यालाही हाच नियम लागू आहे. पाऊस तेवढाच असला, तरी पात्रात झुडपे वाढली, राडारोडा पडला किंवा पुलाखाली प्लास्टिक अडकले, की पाणी चढते आणि फुगवटा मागच्या वस्तीत शिरतो. मग गॅस्ट्रो, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येऊ लागतात. पावसाळ्याआधी नाला साफ करणे हे म्हणूनच आरोग्याचेही काम आहे.

दिजाँने आपल्या या माणसाचे नाव एका मोठ्या चौकाला दिले. तो चौक आजही दार्सी चौक म्हणूनच ओळखला जातो.