शेख झायेद आणि सर बनी यास बेट

आपल्यापैकी बऱ्याच जणांना सर बनी यास म्हणजे जिराफ पाहायची सहल, एवढेच ठाऊक असते. पण या बेटामागे एका शिकाऱ्याची गोष्ट आहे.

शेख झायेद यांचा जन्म १९१८च्या सुमारास अबू धाबीत झाला. तरुणपणापासून त्यांना ससाण्याने शिकार करायचा नाद. पण वाळवंटात मोटारी आणि बंदुका आल्या, आणि हरणे भराभर संपू लागली. तेव्हा त्यांनी स्वतः बंदूक खाली ठेवली.

१९६६मध्ये ते अबू धाबीचे शासक झाले आणि १९७१मध्ये अमिरातीचे पहिले अध्यक्ष. १९७२मध्ये ओमानात रानातला शेवटचा अरबी ओरिक्स मारला गेला. उरले ते फक्त पाळलेले. त्याच दशकात शेखसाहेबांनी सुमारे ८७ चौरस किलोमीटरचे हे उजाड बेट राखीव केले, गोडे पाणी आणून झाडे लावली आणि ओरिक्स वाढवले. किनाऱ्यावर आपल्या कोकणासारखी खारफुटीही आहे.

२ नोव्हेंबर २००४ रोजी ते गेले. २०११मध्ये अरबी ओरिक्सवरचा धोका एक पायरी कमी झाल्याचे जाहीर झाले. ते पाहायला ते नव्हते.

जिराफ आफ्रिकेतून आणलेले पाहुणे आहेत. पुढच्या सहलीत मुलांना आधी ओरिक्स दाखवा!