परमुलखातल्या कामगारांचे ना. म. जोशी

स्मरणिकेत लोकमान्यांवर लेख दरवर्षी असतोच. यंदा मी नारायण मल्हार जोशी यांच्याविषयी लिहीत आहे. आपल्यापैकी बरेचजण पोटापाण्यासाठी जबलपूरला आलो. पण येताना हातात नेमणुकीचे पत्र होते, क्वार्टर आणि रेल्वेचा दवाखाना होता. शंभर वर्षांपूर्वी कोकणातून, घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांना यातले काहीच नव्हते. नोकरी मुकादमाच्या मर्जीवर, राहणे चाळीच्या खोलीत दाटीवाटीने आणि आजारपणात सावकार.

जोशींचा जन्म १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. काही वर्षे शिक्षकी करून १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. लीगने रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवलेच, शिवाय गरिबांना मोफत कायदेशीर सल्लाही दिला. मला हे शेवटचे काम सर्वांत मोठे वाटते. औषध शेजारीही आणून देतो; अर्ज कुठे आणि कसा करायचा हे सांगणारा परक्या गावात सहसा भेटत नाही.

१९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत ते होते. १९२१ पासून जवळजवळ पाव शतक मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी कामगारांची बाजू मांडली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला. १९२४ मध्ये बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक त्यांनी आणले, ते मात्र फेटाळले गेले. मुंबई प्रांतात तसा कायदा १९२९ मध्ये झाला. त्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली आणि स्वतः उभारलेल्या संघटनेतून ते बाहेर पडले. पुढे एकी झाल्यावर पुन्हा सरचिटणीसही झाले. १९५५ मध्ये ते वारले. मुंबईतला डिलाईल रोड आज त्यांच्या नावाने आहे, पण किती जणांना ते कोण हे ठाऊक असते कोण जाणे.

मलाही ठाऊक नव्हते. काही वर्षांपूर्वी एका कामावर ठेकेदाराच्या परप्रांतीय मजुराची तीन बोटे गेली. हजेरीपटावर त्याचे नावच नव्हते, ठेकेदाराने हात वर केले. तेव्हा आम्ही दोघांनी हा १९२३ चा कायदा काढून वाचला. कलम १२ प्रमाणे ठेकेदाराच्या मजुराला काम देणाऱ्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येत होती. अर्ज आम्ही हिंदीत लिहिला, त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला. पैसे यायला सव्वा वर्ष लागले. तोवर तो गावी परतला होता. ते घ्यायला जनरलच्या डब्यातून पुन्हा आला.