डॉक्टर येल्लाप्रगडा सुब्बाराव

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला कीं आमच्या शाळेच्या ओट्यावर दोन प्रकारचीं मुलें दिसतात. कांहीं उड्या मारीत घराकडे पळतात. कांहीं मात्र फळ्यापासून दूर, भिंतीस टेकून, घरीं काय सांगावें या विवंचनेंत उभीं राहतात. गुणांच्या वह्या लिहिणारे आम्ही शिक्षक त्या दुसऱ्या मुलांजवळून बहुधा मान खालीं घालून जातों. आमच्या हातून जो लाल आंकडा लिहिला गेला, तो खरोखर त्या मुलाची किंमत सांगतो काय, अशी शंका आमच्या मनांत येते. एका आंध्र गृहस्थांच्या चरित्रांत या शंकेचें थोडेंबहुत उत्तर आम्हांस सांपडलें, म्हणून तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजीं गोदावरीच्या मुखप्रदेशांतील भीमवरम् या गांवीं झाला. वडील महसूल खात्यांत नोकरीस होते. पण प्रकृतीमुळें त्यांना नोकरी लवकर सोडावी लागली, आणि मोठ्या कुटुंबाची ओढाताण सुरू झाली. मुलाचें चित्त अभ्यासांत नव्हतें. काशीस जाऊन यात्रेकरूंना केळीं विकावीं व पैसा मिळवावा, अशा बेतानें तो एकदां घरांतून पळालाही. त्यास परत आणावें लागलें. मॅट्रिकच्या परीक्षेंत तो एकदां नापास झाला, दुसऱ्यांदां नापास झाला, आणि तिसऱ्या खेपेस मद्रासच्या हिंदु हायस्कुलांतून पास झाला. या शिक्षणासाठीं आईनें आपले दागिने विकले होते. पुढें त्यानें रामकृष्ण मिशनमध्यें जाऊन संन्यास घेण्याचें मनांत आणिलें. पण आई अनुमति देईना. तेव्हां सेवाच करावयाची तर वैद्यक शिकून करावी, असें ठरलें.

मित्रांच्या व भावी सासऱ्यांच्या मदतीनें ते मद्रास मेडिकल कॉलेजांत शिकले. ते असहकारितेचे दिवस होते. गांधीजींच्या हांकेस ओ देऊन सुब्बारावांनीं शस्त्रक्रियेच्या वेळीं घालावयाचा डगलाही खादीचाच केला. शस्त्रक्रियेचे इंग्रज अध्यापक रुष्ट झाले. लेखी उत्तरें चांगलीं असूनही सुब्बारावांना एम्. बी. बी. एस्. ही पदवी मिळाली नाहीं, एल्. एम्. एस्. या खालच्या दर्जाच्या प्रमाणपत्रावर समाधान मानावें लागलें. मग मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयांत शारीरशास्त्र शिकविण्याचें काम त्यांनीं पत्करलें. याच सुमाराच्या वर्षांत स्प्रू नांवाच्या, संग्रहणीच्या जातीच्या रोगानें त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतरानें दगावले. तेंच दुखणें त्यांनाही जडलें होतें. त्यांतून ते वांचले. या रोगाचें मूळ शोधून काढावयाचें, ही गोष्ट तेव्हांपासून त्यांच्या मनांतून गेली नाहीं.

त्यानंतर ते अमेरिकेस गेले. तरुण पत्नी शेषगिरी मागें राहिली. पुढें तिला पुत्र झाला. पण बापाचें तोंड न पाहतांच तो तान्हेपणीं वारला. पतिपत्नींची पुन्हां भेट कधींच झाली नाहीं. ही गोष्ट आम्ही झांकून ठेवीत नाहीं. थोरांच्या कीर्तीची किंमत पुष्कळदां दुसऱ्याच कोणीं मोजलेली असते. चरित्र वाचणाऱ्यानें ती हिशेबांत धरिली पाहिजे.

बोस्टन शहरीं हार्वर्ड विद्यापीठांत ते उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास करूं लागले. उदरनिर्वाहासाठीं रात्रीं एका रुग्णालयांत हलक्या सेवकाचें काम त्यांनीं केलें. पुढें रसायनशास्त्रज्ञ सायरस फिस्के यांच्या हाताखालीं त्यांस जागा मिळाली. रक्तांतील व मूत्रांतील फॉस्फरस मोजण्याची जी रीत या दोघांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केली, ती त्यांच्याच नांवानें शिकविली जाते. १९२७ त फॉस्फोक्रिएटिन व १९२९ त ए. टी. पी. हीं द्रव्यें त्यांनीं स्नायूंतून निराळीं काढलीं. आपण धांवतों, उचलतों, श्वास घेतों, त्या सर्व श्रमांचें भांडवल तें हेंच ए. टी. पी. १९३० सालीं त्यांना पीएच्. डी. मिळाली, मात्र कायमची जागा हार्वर्डनें दिली नाहीं. १९४० सालीं ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेंत गेले व तेथें संशोधनाचे प्रमुख झाले.

येथें वाचकांनीं क्षणभर मुंबईस यावें. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई तेथें आल्या, आणि गिरण्यांतील कामकरी स्त्रियांना गरोदरपणीं जडणारा घातक पांडुरोग तपासूं लागल्या. यीस्टचा अर्क दिल्यानें त्या स्त्रिया बऱ्या होतात, असें त्यांनीं १९३१ सालीं जाहीर केलें. पण त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें? पुढें १९४१ त तें पालकाच्या पानांतून काढण्यांत आलें, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक ॲसिड हें नांव पडलें. तें कृत्रिम रीतीनें तयार करण्याचें काम सुब्बारावांच्या मंडळीनें १९४५ सालीं पुरें केलें. ज्या स्प्रूनें त्यांचे भाऊ नेले, त्या रोगावर हेंच औषध गुणकारी ठरलें. आज आपल्या आरोग्यकेंद्रांत गरोदर स्त्रियांना लोहाबरोबर जी गोळी देतात, तींतही हेंच असतें.

परंतु या औषधाची मोठी कसोटी पुढेंच होती. रक्ताच्या कर्करोगांत अस्थींतील मज्जेंत अपक्व श्वेतपेशी बेसुमार वाढतात, आणि निरोगी रक्त बनण्यास जागा उरत नाहीं. मूल फिकें पडतें, त्यास ताप येतो, रक्तस्राव होतो. त्या काळीं तें कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावे. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयांतील डॉक्टर सिडनी फार्बर यांनीं लेडर्लेहून आलेलीं फॉलिक ॲसिडाचीं संयुगें अशा मुलांना देऊन पाहिलीं. रोग हटण्याऐवजीं वाढीस लागला. दुसऱ्या कोणीं येथें हात झाडले असते. पण त्या अपयशांतूनच नवा विचार निघाला: या द्रव्यानें रोगट पेशी माजत असतील, तर तें त्यांना मिळूं न दिल्यास त्या उपाशी मरणार नाहींत काय? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेनें फॉलिक ॲसिडासारखीं दिसणारीं, पण त्याचें काम न करणारीं द्रव्यें घडविलीं. खोटी किल्ली कुलपांत अडकून बसावी व खरीस आंत शिरतां येऊं नये, तसा हा प्रकार. त्यांपैकीं अमिनोप्टेरिन हें द्रव्य १९४७ च्या डिसेंबरांत प्रथम मुलांना देण्यांत आलें. जून १९४८ मध्यें फार्बर यांनीं १६ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं १० मुलांना उतार पडला होता. हा उतार थोड्या महिन्यांचाच होता. तरी औषधानें हा रोग मागें हटतो, हें तेव्हां प्रथमच दिसलें.

त्याच प्रयोगशाळेंत तयार झालेलें मेथोट्रेक्झेट हें अमिनोप्टेरिनचें भावंड पुढें त्याच्या जागीं आलें. इतर औषधांची जोड मिळत मिळत आज संपन्न देशांत मुलांच्या मुख्य रक्तकर्करोगांत दहांपैकीं जवळ जवळ नऊ मुलें बरीं होतात. ज्यांना औषध पुरत नाहीं, त्यांना दुसऱ्याची मज्जा देण्याची विद्या अमेरिकेंत डॉक्टर डॉनल थॉमस यांनीं वाढविली. तिच्यासाठीं त्यांना १९९० त नोबेल पारितोषिक मिळालें. पाहुण्या मज्जेंतील पेशी कधीं कधीं घेणाऱ्याच्याच शरीरावर उठतात. त्यांना आवरण्याच्या कामींही मेथोट्रेक्झेटच उपयोगीं पडलें. आतां तर रुग्णाच्याच रक्तांतील टी-पेशी काढून, रोगट पेशी ओळखण्याची शक्ति त्यांस देऊन, पुन्हां त्याच्या शरीरांत सोडतात. मुंबईची आय्. आय्. टी. व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यानें सिद्ध झालेल्या अशा उपचारास आपल्या देशांत २०२३ सालीं मान्यता मिळाली.

यांतलें पुष्कळसें पाहण्यास सुब्बाराव राहिले नाहींत. फार्बर यांची हकीकत प्रसिद्ध होऊन दोन महिने होतात न होतात तोंच, ऑगस्ट १९४८ मध्यें, वयाच्या ५३ व्या वर्षीं हृदयविकारानें झोपेंतच त्यांचा अंत झाला. हत्तीरोगावरील हेट्राझन व ऑरिओमायसिन हीं औषधेंही त्यांच्या देखरेखीखालीं निघालीं. पैकीं पहिलें आजही आपल्या विदर्भांत आरोग्यसेवक घरोघर वांटीत असतात. शोध जाहीर होण्याच्या प्रसंगीं सुब्बाराव सहकाऱ्यांस पुढें करीत व आपण मागच्या रांगेंत बसत. त्यामुळें औषधें घरोघर पोंचलीं, पण नांव पोंचलें नाहीं. १९९५ सालीं, जन्मास शंभर वर्षें झाल्यावर, आपल्या टपालखात्यानें त्यांचें चित्र असलेलें तिकीट काढलें.

विद्यार्थीमित्रांनो, नापास होणें हा कांहीं गुण नव्हे, आणि तसें सांगण्यासाठीं आम्ही हें चरित्र लिहिलेलें नाहीं. सुब्बाराव तिसऱ्या खेपेस परीक्षेस बसले, हें विसरूं नका. मुलांचा रोग औषधानें वाढला, तेव्हांही ते त्या अपयशाकडे पाठ फिरवून गेले नाहींत. त्यालाच त्यांनीं कारण विचारलें. त्यांना मॅट्रिकमध्यें दोनदां नापास करणाऱ्या परीक्षकांनीं लाल आंकडा बरोबरच लिहिला असेल. फक्त तो एका दिवसाचा होता. पुढील जूनमध्यें शाळा उघडेल, तेव्हां भिंतीस टेकून उभीं राहिलेलीं मुलें त्याच वर्गांत पुन्हां येऊन बसतील. त्यांनीं मागच्या बांकावर बसूं नये, आणि आम्हींही त्यांच्याजवळून मान खालीं घालून जाऊं नये, एवढें या चरित्रापासून उभयतांनीं शिकावें.