थंड डोक्याचे लिंडे सर

थर्मोच्या पुस्तकात अगदी शेवटच्या चॅप्टरला एक आकृती असते. हवेचं द्रवीकरण, लिंडे सायकल. परीक्षेला येईल म्हणून आपण ती पाठ करतो आणि पेपर संपला की विसरतो. हा लिंडे कोण, कुठला, हे विचारायला कुणाला सवड असते? मी मेकॅनिकलचा, त्यामुळे हे नाव माझ्या वाट्याला एकदा सोडून दोनदा आलं. मग जरा लायब्ररीत बसून वाचलं, आणि माणूस आवडूनच गेला. एक तर कॉलेजने त्यांना काढून टाकलं होतं. आणि दुसरं म्हणजे होस्टेलच्या फ्रिजमधला आपला डबा सकाळपर्यंत टिकतो, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

कार्ल लिंडे यांचा जन्म ११ जून १८४२ चा. गाव बेर्नडॉर्फ, जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात. वडील धर्मोपदेशक. घरात नऊ भावंडं. वडिलांची बदली झाली तसं कुटुंब केम्प्टन या गावी आलं आणि कार्लचं शालेय शिक्षण तिथे झालं. वडिलांच्या मार्गाने न जाता त्याने इंजिनिअरिंग निवडलं आणि १८६१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये नाव घातलं. तिथे शिकवायला कोण होते बघा! रुडॉल्फ क्लॉझियस, म्हणजे ज्यांच्या स्टेटमेंटवर आपली व्हायवा अडते तेच. शिवाय यंत्ररचनेचे रूलो आणि उष्णताशास्त्राचे झॉयनर. असं नशीब किती जणांना मिळतं?

पण १८६४ मध्ये विद्यार्थ्यांचं आंदोलन झालं, कार्ल त्यात होता, आणि डिग्री हातात पडायच्या आधीच त्याला संस्थेतून काढण्यात आलं. आजच्या भाषेत सांगायचं तर शेवटच्या सेमिस्टरला रस्टिकेट! धर्मोपदेशकाच्या घरी काय वातावरण झालं असेल, त्याची कल्पना मी करू शकतो. मात्र रूलो सरांनी या मुलाला वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांनी शब्द टाकून केम्प्टनजवळच्या एका सूतगिरणीत त्याला उमेदवारीला लावून दिलं. पुढे बर्लिनला बोर्झिग यांचा कारखाना, मग म्युनिकला क्राउस यांचा रेल्वे इंजिनांचा नवा कारखाना. तिथे तर १८६६ मध्ये हा डिग्री नसलेला मुलगा तांत्रिक विभागाचा प्रमुख झाला. त्याच वर्षी हेलेन ग्रिम यांच्याशी लग्नही झालं.

१८६८ मध्ये म्युनिकला नवीन पॉलिटेक्निक सुरू झालं आणि तिथे त्यांना शिकवायला बोलावलं गेलं. वय वर्षं २६. चार वर्षांत ते पूर्ण प्रोफेसर झाले. फळ्यावर शिकवून हात इंजिनिअरचे होत नाहीत, हे त्यांना गिरणीत आणि कारखान्यात कळलं होतं, म्हणून त्यांनी मुलांसाठी यंत्रांची प्रयोगशाळा उभी केली. त्यांच्या वर्गात बसणाऱ्यांपैकी एक होता रुडॉल्फ डिझेल. वाफेच्या इंजिनात किती उष्णता वाया जाते हे लिंडे सरांच्या लेक्चरला ऐकून त्याच्या डोक्यात किडा शिरला, आणि त्यातून काय निघालं ते तुम्हाला माहीत आहेच.

आता थंडीकडे वळू. १८७० च्या सुमारास लिंडे यांच्या वाचनात एक बक्षिसाची जाहिरात आली. पॅराफिनचे स्फटिक वेगळे करण्यासाठी थंडावा हवा होता, त्यासाठी यंत्र सुचवायचं होतं. थंडी निर्माण करणारी यंत्रं तेव्हा नव्हती असं नाही. ऑस्ट्रेलियात हॅरिसन यांनी, फ्रान्समध्ये कारे यांनी ती बनवली होती. पण अमुक इतकी उष्णता बाहेर काढायला कमीत कमी किती काम लागेल, आणि प्रत्यक्षात आपण किती जास्त कोळसा जाळतोय, हा हिशेब कुणी नीट मांडला नव्हता. लिंडे यांनी तो मांडला आणि १८७० - ७१ मध्ये बव्हेरियातल्या उद्योगविषयक मासिकात लेख लिहिले.

हे लेख सगळ्यात आधी कुणी उचलले असतील? बिअरवाल्यांनी! हसू नका, त्याला कारण आहे. बव्हेरियातली लागर बिअर दहा अंशांच्या खाली संथपणे आंबवावी लागते. उन्हाळ्यात नको ते जंतू शिरून सगळा घाणा बिघडायचा. १५५३ पासून तिथे कायदाच होता, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायची नाही. हा कायदा १८५० मध्ये उठला, तरी उन्हाळा काही उठला नव्हता. हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापायचा, तळघरात रचायचा आणि तो वितळायच्या आत माल खपवायचा, असा सगळा कारभार होता. त्यामुळे ड्रेहर ब्रुअरीने रस दाखवला, आणि म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या झेडलमायर यांनी प्रयोगाला जागा दिली.

पहिलं यंत्र १८७३ - ७४ च्या सुमाराचं. त्यात मिथाइल इथर वापरलं होतं. कागदावरचा हिशेब बरोबर होता, पण दाबाखालचा वायू फिरत्या भागांच्या फटींतून निसटू नये हे साधणं सोपं नव्हतं. लिंडे यांनी रचना बदलली, इथर सोडून अमोनिया घेतला, आणि १८७६ चं यंत्र चाललं. पुढच्याच वर्षी एक यंत्र ट्रिएस्ट इथल्या ड्रेहर ब्रुअरीत बसलं आणि १९०८ पर्यंत, म्हणजे ३१ वर्षं, चालत राहिलं. बर्फाच्या कारखान्यांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये आजही अमोनियाच असतो.

१८७९ मध्ये सरांनी चालती नोकरी सोडली आणि विस्बाडेन इथे बर्फयंत्रांची कंपनी काढली. १८८३ - ८४ चा हिवाळा उबदार गेला, तळ्यांवर बर्फच धरला नाही, आणि यंत्रांना मागणीचा पूर आला. १८९० पर्यंत सातशेहून जास्त यंत्रं विकली गेली. ब्रुअरीमागून खाटिकखाने आले, कोठारं आली. घरगुती फ्रिज लिंडे यांनी बनवला नाही, तो पुढच्या पिढीने बनवला. पण कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर हीच साखळी छोटी होऊन आपल्या कॉरिडॉरमध्ये घरघरत उभी आहे.

या यंत्राने अन्नाचं नेमकं काय होतं, हे मला बव्हेरियातल्याच एका पदार्थावरून सांगायचंय. त्याचं तिथलं नाव रायबरदात्शी. कच्चा बटाटा किसायचा, पिळून पाणी काढायचं, कांदा, अंडं, थोडं पीठ घालायचं आणि तव्यावर तेलात खरपूस भाजायचं. आपल्या धिरड्या-थालीपिठाच्याच जातीतलं. बरोबर सफरचंदाचा गोड गर किंवा आंबवलेली कोबी. गरमागरम खायचा पदार्थ, पण किसणी हातात घेतल्यावर चारच कोण करतो? उरतातच. मग उरलेल्यांचं काय करायचं?

बटाटा जमिनीतला. मातीतल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू त्याच्याबरोबर येतात आणि तव्याच्या आचेतूनही वाचू शकतात. ओल आहे, पिठूळपणा आहे, अंडं आहे, आंबटपणा मात्र नाही. जंतूंना याहून चांगली मेस मिळणार नाही! अनुकूल उबेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ४०९६. थंडीने ते मरत नाहीत, फक्त त्यांचा वेग पडतो. लिंडे यांच्या यंत्राने अन्न शुद्ध होत नाही, त्याने आपल्याला वेळ मिळतो. आणि वेळ मिळवायचा तर सुरुवात लवकर व्हायला हवी.

म्हणून तव्यावरून काढल्यावर थप्पी लावू नका. मधल्यांची उष्णता अडकते, वाफेचं पाणी होतं. ताटात सुटी पसरा, वाफ जाऊ द्या आणि दोन तासांच्या आत झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. खोलीत बत्तीस अंशांच्या वर उकडत असेल, म्हणजे आपल्याकडचा मे महिना, तर एका तासाच्या आत. फ्रिज चार अंशांवर किंवा खाली हवा, आणि त्यात हवा फिरायला जागा हवी. बारा जणांचे बावीस डबे कोंबले तर इव्हॅपोरेटर बिचारा काय करणार! अशी ठेवलेली धिरडी तीन-चार दिवस चालतात. उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये, मध्ये बटर पेपर घालून, महिना-दोन महिने चवीला चांगली राहतात. वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. गरम करताना आतपर्यंत वाफ निघेल असं करा, आणि पुन्हा पुन्हा गार-गरम करू नका.

कच्चं मिश्रण काळं पडतं, ते बघून घाबरायचं कारण नाही. किसलेल्या बटाट्याला हवा लागली की रंग बदलतो, ते नासणं नव्हे. पण त्यात कच्चं अंडं असतं, तेव्हा ते फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवावं हे उत्तम.

खराब झालंय हे कसं ओळखायचं? आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. भात आंबतो, दूध नासतं, आमटी विटते, भाजीला तार सुटते, भाकरीला बुरशी धरते. हे सगळे शब्द आपल्या आज्यांनी नाकाने आणि बोटांनी घडवलेत, आणि ते अजूनही खरे आहेत. आंबूस वास, बुळबुळीत चिकटपणा, पांढरे-हिरवे ठिपके, यातलं एक जरी दिसलं तरी अख्खा डबा टाकायचा. बुरशीचा कोपरा तोडून बाकीचं खायचं नाही, कारण ओल्या पदार्थात तिचे धागे आत पसरलेले असतात. चाखून बघणं हा तर मूर्खपणाच.

पण खरी गोम पुढे आहे. जे जंतू माणसाला आजारी पाडतात, ते बहुतेकदा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. त्यांच्यासाठी आज्यांकडेही शब्द नव्हता. रात्रभर टेबलावर राहिलेलं धिरडं सकाळी अगदी छान दिसेल, वासही येणार नाही. आणि बॅसिलस सेरियसचं ओकारी आणणारं विष तापवूनही जात नाही. तिथे नाकापेक्षा घड्याळावर विश्वास ठेवावा लागतो. किती अंशांवर किती तास, हा साधा हिशेब. लिंडे सरांनी आयुष्यभर तोच केला.

पुढे १८९२ मध्ये डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीसाठी कार्बन डायऑक्साइड द्रवरूप करण्याचं काम आलं, आणि ते आणखी खाली, आणखी थंड जागी उतरत गेले. १८९५ मध्ये हवा द्रवरूप झाली. हीच आपली परीक्षेतली सायकल. १८९७ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली, नावात फॉन आलं. १९०२ मध्ये द्रवरूप हवेतून ऑक्सिजन वेगळा काढायचं तंत्र त्यांनी साधलं. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत द्रवरूप ऑक्सिजनचे टँकर रस्त्याने धावले, त्या तंत्राची मुळं इथे आहेत. १६ नोव्हेंबर १९३४ रोजी, ९२ व्या वर्षी, म्युनिकमध्ये लिंडे यांचं निधन झालं. ज्याला डिग्रीशिवाय घरी धाडलं, त्याला पुढे मानद डॉक्टरेट देऊन विद्यापीठांनी गौरवलं.

एटीकेटीवाल्या मित्रांनी यातून धीर घ्यावा, आणि सगळ्यांनीच एक छोटी गोष्ट करावी. फ्रिजमध्ये डबा ठेवताना त्यावर टेप लावून तारीख आणि वेळ लिहा. चौथ्या दिवसानंतर तो डबा कुणाचाही असो, कितीही चांगला दिसो, वास घेत बसू नका. सरळ टाका. परीक्षेच्या आदल्या रात्री सलाइन लावून घेण्यापेक्षा दोन धिरडी वाया गेलेली बरी.