मला भेटलेल्या लक्ष्मीबाई टिळक

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणीच लिहाव्यात असे मनात होते. पण दहिसर नदीचे पाणी वाढले की मिळणारी सुट्टी, मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरे हे सगळे इतर कोणीतरी लिहिणारच. म्हणून ज्यांची ओळख मला आपल्याच वर्गात झाली, त्या बाईंविषयी लिहिते.

मराठीच्या तासाला बाईंनी ‘स्मृतिचित्रे’मधला भाग वाचून दाखवला होता. लेखिका टिळक म्हटल्यावर अर्ध्या वर्गाने त्यांना लोकमान्यांची पत्नी करून टाकले. हे टिळक वेगळे, कवी नारायण वामन, आणि ते ख्रिस्ती झाले होते, असे बाईंनी सांगितले, तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आठवते ना? दहिसरला ख्रिस्ती म्हणजे मंडपेश्वरच्या बाजूचे, चर्चच्या आसपास राहणारे, अशी आपली समजूत. आमच्या घरी मात्र नगरकडची मराठी आणि आजीच्या तोंडी टिळकांची भजने. त्या दिवशी बाईंनी स्वतःची प्रत मला घरी न्यायला दिली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या गोखले, नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. अशा घरातली ही मुलगी अकरा वर्षांची असताना टिळकांच्या घरात आली. शाळा नाही, अक्षरे पुढे नवऱ्यानेच शिकवली, तीही जमेल तशी. टिळक मनाने मोठे, पण संसाराला अवघड. एका जागी टिकणे नाही, राग तापट, हातातला पैसा वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन मोकळे. असल्या नवऱ्याबद्दल रडगाणे न गाता, हसत हसत आणि तरी काही न लपवता लिहिणे किती कठीण आहे, हे लग्न झालेल्या मैत्रिणींना सांगायला नकोच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहान मुलगा, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या काळच्या रीतीप्रमाणे दोनच वाटा होत्या: नवऱ्याला मेला समजून माहेरी राहायचे, नाहीतर त्याच्या मागून मुकाट्याने ख्रिस्ती व्हायचे. लक्ष्मीबाईंनी दोन्ही केले नाही. काही वर्षे त्या नातेवाइकांकडे राहिल्या. टिळक पत्रे लिहीत राहिले, दुसरे लग्न त्यांनी केले नाही. पुढे त्या नगरला त्यांच्याजवळ गेल्या, पण स्वतःचे स्वयंपाकपाणी वेगळे ठेवून! नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात. दोन्ही समाजांना न पटणारा हा संसार त्यांनी चालवला.

मग एकदा त्यांनी स्वतःच्या मनाशी सगळे तपासून पाहिले. जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हेत, असा निर्णय केला आणि कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. वाद घालून त्यांना कोणी हरवले नव्हते. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी.

हे मी शाळेत वाचले, पण कळले लग्नानंतर. एका चर्चमधल्या स्त्रियांच्या मेळाव्यात इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायावर बोलणे चालले होते. पत्नीने पतीच्या अधीन असावे, आणि उदाहरण काय, तर लक्ष्मीबाई. बघा, कशी नवऱ्याच्या मागून गेली. १९५० साली निघालेल्या इंग्रजी भाषांतराचे नावही ‘आय फॉलो आफ्टर’ असेच आहे, त्यामुळे त्या वक्त्या एकट्याच चुकल्या असे म्हणता येत नाही. तेव्हा माझी नोकरी सुटायची वेळ आली होती. सासरी ठरत होते, मी गप्प होते, आणि त्या गप्प बसण्यालाच मी श्रद्धा समजत होते. त्या रात्री बाईंचे पुस्तक पुन्हा काढले. तारखा बोटांवर मोजल्या. पाच वर्षे! त्याच अध्यायात पतीने पत्नीवर कशी प्रीती करावी हेही लिहिले आहे, आणि टिळकांनी, सगळ्या तापटपणासकट, वाट पाहिली होती. सकाळी मी नवऱ्याला सांगितले की मला विचार करायला वेळ हवा. त्याने दिला. नोकरी मी सोडली नाही.

पंडिता रमाबाईंचे नाव या संदर्भात नेहमी निघते. पण रमाबाई शास्त्र शिकलेल्या, सभा गाजवणाऱ्या. त्यांच्यापुढे आपण मान वर करूनच पाहायचे. लक्ष्मीबाई चुलीजवळच्या. बालकवी ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहिले तेव्हा त्यांचे लाडही त्यांनी केले आणि कानउघाडणीही.

१९१९ साली टिळक गेले. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी सुरू केले होते, ते जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ज्यांना धड शाळा माहीत नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. मला इथे अधीनता शब्द सुचत नाही, बंडही नाही. नवऱ्याचे अर्धवट राहिलेले काम तिने पुरे केले, आणि त्याच्याहून किती तरी जास्त लिहिले, एवढेच म्हणते.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या वारल्या.

बाई, आपण स्नेहसंमेलनाला येणार असल्याचे कळले. आपली प्रत इतकी वर्षे माझ्याकडेच आहे. बांधणी सुटली आहे, आणि १८९५ ते १९०० या वर्षांच्या पानांवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या खोडायच्या की तशाच राहू द्यायच्या, ते तुम्ही सांगाल तसे करीन.